रंग वाळला आणि पुस्तकं चिकटली: वेळ नसलेल्या दोघांनी घरच्या घरी काय करावं, काय सोडावं?

अर्धा_डबा_रंग

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, आधीच माफी मागते.

आम्ही दोघं. दोघांचीही नोकरी, माझी सकाळी लवकर सुरू होणारी, ह्याची रात्री उशिरा संपणारी. आठवड्यातले पाच दिवस आमची भेट मुख्यतः फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांतून होते. तरी हौस दांडगी. होता होईल तो विकत आणायचं नाही, जुन्यातूनच काहीतरी करायचं, हे लग्नाच्या पहिल्याच महिन्यात ठरलं आणि तेव्हापासून आमच्या पलंगाखाली एक वेगळंच जग नांदतंय.

काल ते सगळं बाहेर काढलं. यादी देते, हसू नका. एका मोडीत निघालेल्या टेबलाचे तीन खण (चौथा कुठे गेला ते दोघांनाही आठवत नाही). टी-शर्टांच्या पट्ट्यांची वेणी घालून करायचं पायपुसणं: व्यास एक वीत, गेली दोन वर्षं एक वीतच, कारण तेवढं झालं की ते कडेने वाटीसारखं वर उचलतं. काचेच्या सहा बाटल्या, कापून त्यांचे पेले करणार होतो. दिव्याची शेड, निम्मीच सुतळी गुंडाळलेली. उरलेल्या रंगीत खडूंचं मेण वितळवून केलेल्या मेणबत्त्या, ज्या पेटतात आणि दोन मिनिटांत मान टाकतात. पुठ्ठ्याची कप्प्याकप्प्यांची पेटी. कशासाठी ते ठरायचं होतं. जीन्सचा एक पाय. आणि रंगाचे डबे, सगळे अर्धे. टोपणनाव त्यावरूनच घेतलंय.

मी हिशेबी बाई आहे, त्यामुळे ह्या सगळ्याची एक वही आहे. प्रत्येक उद्योगाचं नाव, सुरू कधी केला, तास किती गेले, नवीन सामान काय आणावं लागलं आणि वस्तू वापरात आहे का, असे रकाने. एकूण ११ नोंदी. वापरात ४: आखूड केलेले पडदे, नव्या कापडाने मढवलेली खुर्चीची बैठक, कपाटाचं निखळलेलं बिजागर (स्क्रूचं भोक मोठं झालं होतं, त्यात गोंद लावून काडेपेटीच्या काड्या ठोकल्या आणि वाळल्यावर तोच स्क्रू परत पिळला, आजतागायत हललेला नाही) आणि दाराखालची फट बुजवायला जीन्सच्या दुसऱ्या पायात चिंध्या भरून केलेली सुरळी. बाकी ७ जागी शेवटच्या रकान्यात "चालू आहे".

ह्या सातातलं सगळ्यात ताजं दुःख म्हणजे पुस्तकांची मांडणी. जुनी, लाकडी, चकचकीत हिरव्या रंगाची. आम्हाला पांढरी हवी होती. पॉलिशपेपर फिरवला (फिरवलाच, घासला असं म्हणवत नाही), पाण्यात मिसळायच्या रंगाचे दोन हात दिले. दुसरा हात शनिवारी रात्री. रविवारी दुपारी बोट लावून पाहिलं, एकदम कोरडं. संध्याकाळी माणसं यायची होती म्हणून पुस्तकं लावून टाकली. कौतुकही झालं.

तीन आठवड्यांनी बाबांचा जाडजूड शब्दकोश काढायला गेले तर तो हलेना. ओढला, तर चर्रकन आवाज. पुठ्ठ्याच्या खालच्या कडेला पांढऱ्या रंगाची पापडी चिकटून आली, मांडणीवर तेवढाच हिरवा चौकोन उघडा पडला आणि शब्दकोशाचा कणा एका बाजूने सुटला. बाकीच्या पुस्तकांना अजून हात लावायची हिंमत झालेली नाही.

ह्याचं म्हणणं, रंग निकृष्ट. माझं म्हणणं, आपण निकृष्ट.

तर विचारायचं असं की मांडणी आणि शब्दकोश वाचतील का, आणि त्याहून महत्त्वाचं, तुमच्यापैकी जी जोडपी आमच्यासारखी धावपळीत आहेत ती हातातलं काम पुरं कसं करतात? "शनिवार-रविवार करा" असं सांगू नका. शनिवार-रविवारी आम्ही आडवे असतो.

---

कानस_आणि_रंधा

ताई, रंग निकृष्ट नसावा. तुम्ही जे नीट पाहून लिहिलंय त्यातच निदान आहे. पांढरा रंग पुस्तकाला चिकटला हा एक दोष. तो निघताना खालचा हिरवा स्वच्छ उघडा पडला हा दुसरा. दोन्ही एकाच दिवशी दिसले म्हणून एकच वाटतात.

आधी पहिला. रंग वाळणं वेगळं आणि पक्का होणं वेगळं. पाण्याच्या रंगातलं पाणी उडून गेलं की हाताला कोरडं लागतं, त्याला एक-दोन तास पुरतात. पण मागे राहिलेले बारीक कण एकमेकांत मिसळून कडक थर व्हायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात, हवा दमट असेल तर त्याहून जास्त. तोवर थर मऊच असतो. हलकी वस्तू ठेवली, उचलली, काही होत नाही. शब्दकोश मात्र एका जागी तीन आठवडे दाबून बसला, आणि खाली हवाही जाईना. आमच्याकडे साधी परीक्षा आहे: न दिसणाऱ्या कोपऱ्यात अंगठ्याचं नख दाबायचं. वळ उमटून राहिला तर थांबायचं.

आता दुसरा. चकचकीत हिरवा म्हणजे बहुतेक तेलाचा रंग. त्याच्या गुळगुळीत अंगावर पाण्याचा रंग नुसता बसतो, धरत नाही. खात्री करायची तर कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन हिरव्यावर घासा. बोळ्याला रंग आला, पृष्ठभाग चिकट झाला, तर तो पाण्याचा. बोळा कोराच राहिला तर तेलाचा. तेलाच्या रंगावर आधी चमक मारावी लागते. १२० नंबरच्या पेपरने घासा, मग २२० ने (आकडा मोठा तितका पेपर बारीक). हिरवा घालवायचा नाही, फक्त निस्तेज करायचा. मग ओल्या फडक्याने धूळ टिपायची, तेलावरही धरेल असं अस्तर (प्रायमर) एक हात, आणि मग तुमचा पांढरा.

एक गोष्ट मात्र हात लावायच्या आधी बघा. ती मांडणी कितपत जुनी आहे? जुन्या तेलाच्या रंगांत शिसं असायचं. कित्येक दशकांपूर्वीची असेल किंवा कुठून आली तेच माहीत नसेल तर कोरडं घासून घरभर धूळ करू नका. वॉटरपेपर ओला करून घासायचा, चिखल पुसून घ्यायचा आणि ते फडकं टाकून द्यायचं. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर घासायच्या फंदातच पडू नका, आहे तशी वापरा.

बाकीची पुस्तकं वर ओढू नका. पातळ, बोथट सुरी किंवा जुनं प्लास्टिकचं कार्ड रंग आणि पुठ्ठ्याच्या मधून आडवं सरकवत न्या. घाई केलीत तर आणखी कणे सुटतील.

आणि मी काय करेन सांगू? पुस्तकं जिथे टेकतात त्या फळ्यांच्या वरच्या बाजूला रंग द्यायचाच नाही. कडा, बाजू आणि पाठ पांढरी, फळीवर कापलेला जाड कागद. कुणाच्या बापाला कळत नाही. रंग द्यायचाच असेल तर महिनाभर रिकामी ठेवा आणि मग पांढरी मेणबत्ती फळीवर घासून कोरड्या फडक्याने चोळा. पुस्तकं सरकतात, चिकटत नाहीत.

शब्दकोशाला चिकटपट्टी लावू नका, हात जोडून सांगतो. काही वर्षांत ती पिवळी पडते, डिंक कागदात उतरतो आणि मग तो डाग कशानेच निघत नाही. पांढरा गोंद बारीक ब्रशने सुटलेल्या कडेला पातळ लावा, आत-बाहेर बटरपेपर घाला, वर दोन जड पुस्तकं (मांडणीवर नव्हे!) आणि रात्रभर तसाच ठेवा.

---

दोन_पाळ्या

तुमच्या चिठ्ठ्यांचं वाचून हसू आलं. आमच्या घरी तर चिठ्ठ्यांवरच संसार चाललाय. बायकोची पाळी सुटते तेव्हा माझी लागते. पलंगाखाली आमचंही होतं, फक्त यादी वेगळी.

आमचा गैरसमज असा होता की असल्या कामाला मोकळा दिवस लागतो. मोकळा दिवस काही येत नाही. येतात ती वीस-वीस मिनिटं. मग एकदा मी एक कागद घेऊन लिहून काढलं की डुगडुगणारं स्टूल नीट करायला नेमकं काय काय करावं लागेल. तेव्हा लक्षात आलं की हाताने करायचं काम सगळं मिळून दोन तासांचं सुद्धा नाही. बाकी सगळा वेळ वाळण्याचा. आणि वाळायला आपण घरी असावं लागत नाही.

ते स्टूल असं झालं. पहिल्या संध्याकाळी रबरी हातोडीने चारही पाय ठोकून सुटे केले, प्रत्येकावर पेन्सिलने आकडा आणि त्याच्या खोबणीवर तोच आकडा. दुसऱ्या दिवशी बायकोने सांध्यांतला जुना गोंद काढला. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळता येत नाही. वाळलेल्या पांढऱ्या गोंदावर नवा गोंद धरत नाही, त्याला कोरं लाकूड लागतं. कोमट व्हिनेगरमध्ये बुडवलेला बोळा सांध्यावर ठेवून तिने बाकीची कामं आवरली, परत आली तेव्हा गोंद मऊ होऊन पांढरा पडला होता, पटाशीच्या टोकाने खरवडून निघाला. लाकूड ओलं झालं म्हणून तिसऱ्या दिवशी कुणीच हात लावला नाही. हीसुद्धा एक पायरी धरायची: काहीही न करणे.

चौथ्या दिवशी गोंद. शिकंजे (क्लॅम्प) आमच्याकडे नव्हते आणि एका स्टुलासाठी आणायचे नव्हते. चारही पायांभोवती सुतळीचे दोन फेरे घेतले, गाठ मारली, दोन पदरांच्या मध्ये लाकडी डावाचा दांडा अडकवला आणि पीळ देत गेलो. पीळ बसेल तसे पाय आत येतात, सांध्यांतून गोंदाचे मणी बाहेर येतात. ते लगेच ओल्या फडक्याने पुसायचे, नाहीतर नंतर पॉलिश तिथे धरत नाही, डाग राहतो. मग दांडा आडव्या पट्टीला टेकवून ठेवायचा म्हणजे पीळ सुटत नाही. शेवटी दोरीने कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत माप घ्यायचं, दोन्ही कर्ण सारखे पाहिजेत. आमचा एक बोटभर लांब निघाला. स्टूल दोन्ही हातांनी धरून त्या बाजूने एकदा कचकन दाबलं, सारखा झाला. ह्याला वीस नाही, पंचवीस मिनिटं लागली. मग चोवीस तास तिकडे बघायचं नाही.

पाचव्या दिवशी फटींत लांबी (पुट्टी) भरली, सहाव्या दिवशी घासलं, सातव्या-आठव्या दिवशी पॉलिशचे हात. आम्ही दोघं एकत्र त्या स्टुलापाशी एकदाही नव्हतो.

ह्यात दोन युक्त्या कामाच्या ठरल्या. एक म्हणजे मोठं जुनं ताट. चालू कामाचं सगळं सामान त्याच ताटात, स्क्रूसुद्धा. ताट उचललं की काम सुरू, ताट कपाटावर ठेवलं की संपलं. पूर्वी वीसातली बारा मिनिटं शोधण्यात जायची. ताट एकच आहे, त्यामुळे काम एकच. दुसरं नवीन काही सुचलं तर आधी ताट रिकामं करायचं.

दुसरी युक्ती चिठ्ठीची. "स्टूल पूर्ण कर" असं लिहायचं नाही. कामावरून दमून आलेला माणूस ते वाचतो आणि झोपतो. "डावा मागचा पाय २२० ने घास, पाच मिनिटं" असं लिहायचं. ते होतं. आणि पाच मिनिटं झाली की बहुतेक वेळा उरलेले तीन पायही होतात.

रंगाचं काम असेल तर ब्रश रोज धूत बसू नका. दोन हातांच्या मध्ये ब्रश प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळायचा, हवा काढून रबर लावायचा. दुसऱ्या दिवशी तसाच मऊ असतो.

पॉलिशसाठी जवसाचं तेल वापरणार असाल तर एक जपा. तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल हवेशी मिसळून वाळताना गरम होतं, बोळ्यात ती उष्णता कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. पसरून बाहेर वाळत घाला किंवा पाण्यात बुडवून ठेवा. दोघंही बाहेर असणाऱ्या घरात हे जास्तच.

---

अर्धा_डबा_रंग

कानसदादा, नखाने दाबून पाहिलं. इतक्या दिवसांनीही वळ उमटला! आणि स्पिरिटचा बोळा कोराच राहिला, म्हणजे तेलाचाच. मांडणी किती जुनी ते माहीत नाही, आम्ही ती जुनीच घेतली होती, त्यामुळे ओलं घासू. कार्ड सरकवून आठ पुस्तकं सुटी केली, एकाचाही कणा गेला नाही.

दोन_पाळ्या, डावाच्या दांड्याचा पीळ वाचून ह्याला फोन केला. म्हणाला, "आपल्याकडे डुगडुगणारं काय आहे?" मी म्हटलं, आपण दोघं.

पायपुसण्याचं कुणी सांगेल का? वाटी होतेच.

---

सुई_हरवली

वाटीचं मी सांगते. तू वेणी हातात धरून, मांडीवर घेऊन शिवत असणार. त्यात प्रत्येक फेरी आपोआप थोडी ताणली जाते आणि बाहेरची फेरी आतलीपेक्षा आखूड पडली की कडा वर येणारच. टेबलावर सपाट ठेवून शिव, उचलायचंच नाही. वळणावर बाहेरच्या वेणीला थोडी ढील दे: आतल्या वेणीच्या एका पेडाला बाहेरचा एक पेड जोडायचा, आणि मधूनमधून बाहेरचा एक पेड तसाच सोडून पुढच्यात सुई घालायची. कडेने झालर पडल्यासारख्या लाटा आल्या तर समज ढील जास्त झाली.

जी वाटी झालीये ती उसवावी लागेल. वाईट वाटतं, पण एक वीत म्हणजे अर्ध्या तासाचं काम आहे.

पट्ट्या कशा कापल्यास? टी-शर्ट बगलेखालून आडवा कापून राहिलेल्या नळीची गोल गोल, चकलीसारखी एकच लांब पट्टी काढली तर जोड कमी लागतात. दोन बोटं रुंद कापायची आणि ओढायची. कडा आत वळतात, दोरीसारखी होते. विणलेलं होजियरीचं कापड आहे, त्याचे धागे सुटत नाहीत, कडा दुमडायची गरज नाही. सुती शर्ट किंवा चादर वापरलीस तर ते उसवत राहणार. आणि नवं कापड असेल तर कापायच्या आधी धुऊन घे, नाहीतर पहिल्या धुण्यात आटून सगळं मापच बदलतं.

---

कशाला_ते_उद्योग

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका.

वरचे सगळे सल्ले उत्तम आहेत आणि ते वाचून तुम्ही सातही कामं पुन्हा काढाल अशी मला भीती वाटते. तुमची यादी परत वाचा. वापरात असलेल्या ४ वस्तू: पडदे लांब होते, खुर्ची फाटली होती, बिजागर निखळलं होतं, दाराखालून वारा येत होता. प्रत्येकीच्या मागे एक अडचण आहे. आता पडून असलेल्या ७: खण होते म्हणून त्यांचं काहीतरी. बाटल्या होत्या म्हणून पेले. खडू उरले म्हणून मेणबत्त्या. पेटी तर कशासाठी ते ठरायचं होतं, हे तुम्हीच लिहिलंय! घरात काही कमी पडत होतं म्हणून सामान शोधलं, ते पुरं झालं. सामान पडलं होतं म्हणून गरज शोधली, ते पलंगाखाली गेलं. जीन्सचे दोन पाय बघा ना. एकाच पँटचे आहेत.

मांडणी तुम्ही अपवाद म्हणाल. पण हिरवी होती तेव्हाही ती पुस्तकं पेलतच होती.

"टाकाऊतून टिकाऊ" ह्या शब्दांनी आपल्या पिढीचं फार नुकसान केलंय असं माझं मत आहे. टाकाऊ वस्तू साठवायला ते एक भारदस्त कारण मिळालं. त्या पायी आपण नवीन गोंद, नवीन रंग, नवीन ब्रश, कापायचं नवीन यंत्र आणतो. तुमच्या वहीत "नवीन सामान काय आणलं" हा रकाना आहे, तो बेरीज करून बघा. मी माझा केला होता, म्हणून हे टोपणनाव.

२०१२ मध्ये मायकेल नॉर्टन, डॅनियल मोचॉन आणि डॅन एरिएली ह्यांचा एक शोधनिबंध आला होता, आयकिया इफेक्ट नावाने तो प्रसिद्ध आहे. स्वतःच्या हाताने जोडलेली पेटी किंवा घडी घातलेला कागदाचा पक्षी माणसाला जास्त मोलाचा वाटतो, हे त्यांनी प्रयोगांतून दाखवलं. हा अर्धा भाग सगळे सांगतात. दुसरा अर्धा असा की काम अर्धवट राहिलं तर तो जास्तीचा जीव जडत नाही. म्हणजे तुमच्या सात वस्तूंबद्दल तुम्हाला जे वाटतंय ते प्रेम नाही, अपराधी वाटणं आहे. टाकून द्या.

बाटल्या तर नक्की. दोरा स्पिरिटमध्ये भिजवून, पेटवून, गार पाण्यात बुडवायची ती युक्ती व्हिडिओत छान दिसते. प्रत्यक्षात काच कुठे तडकेल ते काचेच्या मनावर असतं, आणि सरळ तुटली तरी कडेला धार राहते. त्या पेल्याला ओठ लावणार आहात का? काच वितळवून पुन्हा काचच होते, भंगारात द्या.

मेणबत्त्या मान टाकतात कारण खडूतला रंगाचा चुरा वातीत अडकतो आणि वितळलेलं मेण वर चढत नाही. दुरुस्ती नाही त्यावर. आणि ते मेण वितळवताना भांडं थेट आचेवर ठेवलं असेल तर पुन्हा ठेवू नका, पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवायचं. पेटलेल्या मेणावर पाणी तर चुकूनही नाही, झाकण घालायचं.

जाता जाता, कुणी घरगुती क्लीनर म्हणून सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून बाटलीत भरत असेल तर तेही थांबवा. फसफस होते तेव्हाच दोघांनी एकमेकांना संपवलेलं असतं, उरतं ते बहुतांशी पाणी. वेगवेगळे वापरा, दोन्ही कामाचे आहेत. ब्लीचमध्ये मात्र व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल कधीच नाही, क्लोरीन वायू निघतो.

---

सुई_हरवली

पायपुसणं टाकू नकोस गं. पायपुसणं सगळ्यांना लागतं.

---

अर्धा_डबा_रंग

कशाला_ते_उद्योग, राग आला होता. रात्री वही काढली आणि बेरीज केली. आकडा इथे लिहीत नाही. रागाचं काय झालं तेही लिहीत नाही.

पण एक लक्षात आलं. माझ्या वहीत सगळे रकाने आहेत, "का करायचं" हा नाही. आज पट्टी घेऊन तो आखला आणि अकराही नोंदींसमोर भरायला बसले. चार पटकन भरले. पायपुसण्यासमोर "बाथरूमबाहेर पाय घसरतो" असं लिहिलं, ते खरं आहे. मांडणीसमोर बराच वेळ पेन धरून बसले आणि शेवटी "फोटोत छान दिसावी म्हणून" लिहिलं. खाली पाच जागा कोऱ्या.

पेटी, मेणबत्त्या आणि शेडची सुतळी गेली. (शेडचा सांगाडा ठेवलाय. बघू.) जीन्सचा पाय ठेवलाय, बाल्कनीच्या दाराखालूनही वारा येतो. ताटात सध्या फक्त पायपुसणं. चिठ्ठी लावली: "बाहेरून दोन फेऱ्या उसव. ओढू नकोस." सकाळी निघताना पाहिलं, तीन उसवल्या होत्या.

आता प्रश्न बाटल्यांचा. त्या माझ्या नाहीत.

---

तोच_तो_हा

नमस्कार. वरच्या पोस्टमधला "हा" तो मी. हे खातं मुद्दाम उघडलंय.

रंग निकृष्ट होता हे विधान मागे घेतो. डब्यावर बारीक अक्षरांत पूर्ण कडक व्हायला किती दिवस ते छापलेलं होतं, काल चष्मा लावून वाचलं.

बाटल्यांबद्दल. एकीवर मी आधीच दोऱ्याचा प्रयोग केला होता, हिला सांगितलेलं नाही. ती बाटली आता नाही. म्हणजे मुळात सात होत्या. उरलेल्या उद्या भंगारात देतो.

तीन फेऱ्या उसवल्या कारण तिसरीसुद्धा वर उचललेली होती. टेबलावर ठेवून दोन फेऱ्या पुन्हा शिवल्यात, ह्या वेळी सपाट बसल्या. चिठ्ठी ताटातच आहे.

आणि चौथा खण. आठवत नाही असं मी म्हणालो होतो, ते अर्धसत्य होतं. तो माझ्या ऑफिसात आहे. खाली बघून बघून मान धरायची म्हणून एकदा बॅगेत घालून घेऊन गेलो आणि उलटा करून मॉनिटरखाली ठेवला. दोन वर्षं झाली. घासला नाही, रंगवला नाही, एक खिळा नाही. घरी सांगितलं असतं तर तो पांढरा करावा लागला असता.

---

अर्धा_डबा_रंग

घरी ये, बोलू.

(वहीत बारावी नोंद केली. नाव: खण. तास: ०. नवीन सामान: नाही. का: ह्याची मान. वापरात: हो. त्याच्या बॅगेत उद्या दुसरा खण घालून देतेय. शेजारच्या टेबलावरच्या बाईंचीही मान दुखते असं हाच मागे म्हणाला होता.)